फ्लॉपीची इमेज, तिची भूमिती आणि व्हर्च्युअल मशीनचा अंदाज

व्हर्च्युअल मशीनला फ्लॉपी जोडणं हे दोन क्लिकचं काम वाटतं, आणि १.४४ एमबीची नेहमीची इमेज असेल तर ते तसंच असतं. पंचाईत होते ती ३६० केबीची जुनी डिस्क, सव्वापाच इंची १.२ एमबीची डिस्क, विंडोज ९५च्या सेटअपची डिस्क किंवा कुणीतरी अर्ध्यातच कापलेली बूट इमेज पुढ्यात आली की. मशीन बूट व्हायला लागतं, एखादी ओळ दाखवतं आणि गप्प बसतं. नाहीतर डॉसमध्ये डीआयआर मारल्यावर फाइलींच्या नावांऐवजी चित्रविचित्र चिन्हांची रांगोळी उमटते. इमेज खराब आहे असं समजून लोक ती फेकून देतात. पुष्कळदा इमेज ठणठणीत असते. एम्युलेटरने (व्हर्च्युअल मशीन उभं करणाऱ्या प्रोग्रामने) तिची भूमिती चुकीची धरलेली असते.

भूमिती म्हणजे तीन आकडे: सिलिंडर (दोन्ही बाजूंवरची एकाच अंतरावरची वर्तुळं) किती, हेड (वापरलेल्या बाजू) किती, आणि एका ट्रॅकवर (एका बाजूच्या एका वर्तुळावर) सेक्टर (डेटाचे तुकडे) किती. खऱ्या फ्लॉपीवर प्रत्येक सेक्टरच्या आधी एक छोटा मथळा असतो आणि त्यात त्या सेक्टरचा सिलिंडर, हेड, क्रमांक नि आकार लिहिलेला असतो. त्यामुळे ड्राइव्हला डिस्क फिरवून शोध घेता येतो. आपण इमेज काढतो तेव्हा हे सगळे मथळे गळून पडतात आणि फक्त डेटा एकापुढे एक मांडला जातो. आयएमजी, आयएमए, व्हीएफडी, एफएलपी ही शेपटं वेगवेगळी असली तरी आत बहुतेक वेळा असा उघडा डेटाच असतो. त्यात ट्रॅक कुठे संपतो हे कंट्रोलरला दिसत नाही. मग एम्युलेटर फाइलचा आकार बघतो आणि अंदाज बांधतो.

म्हणून काम करताना तीन ठिकाणं डोळ्यांसमोर ठेवायची: फाइलचा आकार, बूट सेक्टरमधली नोंद, आणि व्हर्च्युअल मशीनने जाहीर केलेला ड्राइव्हचा प्रकार. या तिघांचं एकमत असलं की फ्लॉपी चालते. दोघांचंच असलं तर कधी चालते, कधी रडवते.

(पुढच्या आज्ञा आणि पर्याय उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत टाकायच्या.)

पायरी १: आकार मोजा

एलएस -एल मारून फाइल नेमकी किती बाइटची आहे ते बघा. फाइल मॅनेजर दाखवतो तो 'सुमारे १.४ एमबी' इथे कामाचा नाही. पीसीवरच्या फ्लॉपींचे नेहमी भेटणारे आकार असे:

१६० केबी: ४० सिलिंडर, १ हेड, ८ सेक्टर, १,६३,८४० बाइट
३२० केबी: ४०, २, ८; ३,२७,६८० बाइट
३६० केबी: ४०, २, ९, ३,६८,६४० बाइट
७२० केबी: ८०, २, ९, ७,३७,२८० बाइट
१.२ एमबी: ८०, २, १५, १२,२८,८०० बाइट
१.४४ एमबी: ८०, २, १८, १४,७४,५६० बाइट
डीएमएफ (मायक्रोसॉफ्टच्या सेटअप डिस्कांचं जास्त डेटा मावणारं स्वरूप): ८०, २, २१, १७,२०,३२० बाइट
२.८८ एमबी: ८०, २, ३६, २९,४९,१२० बाइट

सेक्टर सगळीकडे ५१२ बाइटचा. जाता जाता, '१.४४ एमबी' हा आकडा कुठल्याच हिशोबात बसत नाही. ते १४४० गुणिले १०२४ बाइट आहेत, म्हणजे एकदा हजाराने आणि एकदा १०२४ने भागल्यावर मिळणारं कडबोळं. फाइल बनवताना १.४४ असा आकडा कुठे टाकू नका, १४४० केबी टाका.

आकाराला ५१२ने पूर्ण भाग जात नसेल तर ती उघडी इमेज नाही, आत काहीतरी वेगळं आहे. पहिले चार-पाच बाइट बघा. 'टीडी' ही अक्षरं असतील तर टेलिडिस्कची फाइल, 'आयएमडी' असेल तर इमेजडिस्कची. या आधी उघड्या स्वरूपात बदलून घ्याव्या लागतात, नुसतं शेपूट बदलून भागत नाही.

भाग जातो, पण आकार वरच्या यादीत नाही? मग बहुधा शेवटचे रिकामे सेक्टर कुणीतरी छाटलेले असतात. स्वतःचा बूटलोडर (मशीन सुरू होताना चालणारा पहिला प्रोग्राम) लिहायला शिकणारी मंडळी तर ५१२ बाइटचीच फाइल क्यूईएमयू या एम्युलेटरला देतात. पहिला सेक्टर वाचला जातो, बूटलोडर चालतो आणि दुसरा सेक्टर मागितला की त्रुटी येते, कारण तो फाइलमध्ये नाहीच. उपाय सोपा आहे: मूळ फाइलची प्रत घ्या आणि 'ट्रंकेट -एस १४४०के' चालवून ती पूर्ण लांबीची करा. प्रत घ्यायची ती यासाठी, की ट्रंकेट जसं वाढवतं तसंच कापतंही, आणि कापताना विचारत नाही.

पायरी २: बूट सेक्टर वाचा

डिस्क डॉसची असेल तर भूमिती पहिल्या सेक्टरमध्ये लिहिलेली असते. एमटूल्स या डॉसच्या डिस्का हाताळणाऱ्या साधनसंचातली 'एमइन्फो -आय' ही आज्ञा सेक्टर, हेड, सिलिंडर सरळ वाचून दाखवते. पण एकदा तरी ते बाइट स्वतःच्या डोळ्यांनी बघावेत. हेक्सडम्प काढा आणि सुरुवातीपासून २४व्या बाइटवर जा (हेक्समध्ये १८, मोजणी शून्यापासून). तिथे दोन बाइटमध्ये एका ट्रॅकवरचे सेक्टर आणि त्यापुढच्या दोन बाइटमध्ये हेड असतात. १.४४ एमबीच्या इमेजमध्ये तिथे '१२ ०० ०२ ००' दिसेल. हा बारा हेक्समधला, म्हणजे अठरा. डीएमएफमध्ये '१५ ००' दिसतं, ते एकवीस. आणि जिथे खरोखर पंधरा सेक्टर असतात त्या १.२ एमबीच्या डिस्कवर '०एफ ००' असतं. घाईत '१५' वाचून डिस्क १.२ एमबीची ठरवणं फार सोपं आहे, म्हणून आकाराशी ताडून बघा.

२१व्या बाइटवर माध्यमाची खूण असते: १.४४साठी 'एफ०', ७२० केबी आणि १.२ एमबी या दोन्हींसाठी 'एफ९', ३६० केबीसाठी 'एफडी'. एकच खूण दोन वेगळ्या भूमितींना दिलेली असल्याने एकट्या तिच्यावर विसंबू नका. डॉसच्या १.x आवृत्तींच्या डिस्कवर तर बूट सेक्टरमध्ये ही नोंदच नसते. तिथे ५१२व्या बाइटवर, म्हणजे फॅटच्या (कुठली फाइल कुठे आहे याच्या तक्त्याच्या) पहिल्याच बाइटमध्ये, १६० केबीसाठी 'एफई' आणि ३२० केबीसाठी 'एफएफ' मिळतं.

एमटूल्स कधीकधी तक्रार करतं की एकूण सेक्टर हे ट्रॅकवरच्या सेक्टरांच्या पटीत नाहीत. तेव्हा 'एमटूल्स_स्किप_चेक=१' असं एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवून फाइली बाहेर काढता येतात. ती तक्रार मात्र मनात ठेवा, कारण हीच इमेज पुढे व्हर्च्युअल मशीनमध्ये त्रास देणार.

पायरी ३: नवी इमेज हवी असेल तर

'एमफॉर्मॅट -सी -एफ १४४० -आय नाव.आयएमजी ::' ही आज्ञा (सी कॅपिटल) फाइल बनवते आणि फॉरमॅटही करते. ७२०, ३६०, १२०० हे आकडेही चालतात. वेगळी भूमिती हवी असेल तर '-टी ८० -एच २ -एस २१' असे तीन आकडे स्वतः द्यायचे. फाइली आत टाकायला 'एमकॉपी -आय', यादी बघायला 'एमडीआयआर -आय'. यात माउंट करावं लागत नाही की रूट परवानगी लागत नाही.

गेस्ट (व्हर्च्युअल मशीनच्या आत चालणारी प्रणाली) किती जुना आहे ते विसरू नका. १.२ एमबी डॉस ३.०पासून चालते, ७२० केबी ३.२पासून, १.४४ एमबी ३.३पासून आणि २.८८ एमबी ५.०पासून. डॉस ३.२ला १.४४ची डिस्क देऊन एम्युलेटरला दोष देण्यात अर्थ नाही.

पायरी ४: क्यूईएमयूला नीट सांगा

क्यूईएमयूचा अंदाज कसा चालतो हे कळलं की निम्मे घोळ आपोआप उलगडतात. त्याच्याकडे भूमितींचा एक तक्ता आहे. इमेज घातली की तो आधी त्याच प्रकारच्या ड्राइव्हची आणि तितक्याच सेक्टरांची नोंद शोधतो. ती नसेल तर त्याच इंचांच्या डिस्कची आणि तितक्याच सेक्टरांची. तीही नसेल तर त्या ड्राइव्हच्या प्रकारातली पहिली नोंद उचलतो आणि पुढे जातो. पडद्यावर काहीही सांगत नाही.

ड्राइव्हचा प्रकार 'ऑटो' असेल तर तो सुरुवातीला घातलेल्या इमेजवरून ठरतो. मेख इथे आहे. मशीन सुरू होताना ड्राइव्ह रिकामा असेल तर क्यूईएमयू तो २.८८ एमबीचा, साडेतीन इंची धरतो आणि गेस्टला तसंच कळवतो. नंतर तुम्ही त्यात १.२ एमबीची इमेज घातली की साडेतीन इंचांत २४०० सेक्टरांची नोंद सापडत नाही, आणि भूमिती ३६ सेक्टरांची धरली जाते.

३६० केबीचं दुखणं आणखी मजेशीर. ७२० सेक्टर म्हणजे ४० सिलिंडर, दोन हेड, नऊ सेक्टर. पण ८० सिलिंडर, एक हेड, नऊ सेक्टर यांचाही गुणाकार तोच. आकारावरून हा फरक ओळखणं अशक्यच. ऑटोमध्ये क्यूईएमयू सव्वापाच इंची नोंद आधी घेतो, जे बरोबर आहे. पण तुम्ही ड्राइव्ह १.४४चा म्हणून बांधून ठेवला असेल तर त्याला साडेतीन इंची, एका बाजूची डिस्क सापडते. मग गेस्ट दुसऱ्या हेडवर वाचायला गेला की नकार.

म्हणून प्रकार स्वतः लिहा. एका पर्यायात '-ड्राइव्ह इफ=नन,आयडी=एफ०,फॉरमॅट=रॉ,फाइल=नाव.आयएमजी' आणि दुसऱ्यात '-डिव्हाइस फ्लॉपी,ड्राइव्ह=एफ०,ड्राइव्ह-टाइप=१४४'. ७२० केबी आणि १.४४साठी १४४, सव्वापाच इंची ३६० केबी आणि १.२ एमबीसाठी १२०, आणि २.८८साठी २८८. मशीनचा प्रकार 'पीसी' ठेवा. नव्या 'क्यू३५'वर फ्लॉपी कंट्रोलर आपोआप येत नाही. बायोस जुनंच, म्हणजे सीबायोस, असू द्या. यूईएफआयवर (बायोसच्या नव्या अवतारावर) फ्लॉपी बूट करायच्या नादी लागू नका.

'फॉरमॅट=रॉ' गाळू नका. ते नसलं तर क्यूईएमयू स्वरूप स्वतः ओळखतो, एक इशारा छापतो आणि सुरक्षेसाठी पहिल्या ब्लॉकवर लिहिण्याला मर्यादा घालतो. बाकी सगळं चालतं, पण गेस्टमधून फॉरमॅट किंवा एसवायएस (डिस्क बूट होणारी करणारी आज्ञा) केलं की बूट सेक्टर लिहिला जात नाही, आणि माणूस भूमिती शोधत बसतो. डिस्क फक्त वाचायची असेल तर 'रीडओन्ली=ऑन' जोडा. जुने प्रोग्राम विनाकारण फ्लॉपीवर लिहितात.

एखादा फोल्डरच फ्लॉपी म्हणून दाखवायची 'फॅट:फ्लॉपी:' ही सोय आहे. ती मूळात २.८८ एमबीची डिस्क दाखवते, त्यामुळे डॉस ५च्या आधीच्या गेस्टला उपयोगाची नाही. त्यावर लिहू देण्यापेक्षा एमफॉर्मॅटने खरी इमेज बनवणं केव्हाही बरं.

पायरी ५: डिस्क बदलताना

अनेक डिस्कांचं इन्स्टॉलेशन असेल तर क्यूईएमयूच्या मॉनिटरमध्ये (कंट्रोल-ऑल्ट-२) आधी 'इन्फो ब्लॉक' मारून ड्राइव्हचं नाव बघा, मग 'चेंज', ते नाव, नवी फाइल आणि शेवटी 'रॉ'. असं केल्यावर डिस्क बदलल्याची खूण कंट्रोलरकडून गेस्टला मिळते. चालू मशीनखालून सीपी मारून फाइल बदलली तर ती खूण मिळत नाही. डॉसच्या डोक्यात जुन्या डिस्कचं फॅट असतं आणि पुढच्या लेखनात ते नव्या डिस्कवर उतरतं. दोन्हीकडचा हिशोब बिघडतो. याच कारणाने मशीन चालू असताना होस्टवरून (खऱ्या संगणकावरून) एमकॉपीने त्याच इमेजमध्ये लिहायचं नाही.

इतर व्हर्च्युअल मशीनांबद्दल

व्हर्च्युअलबॉक्समध्ये सेटिंग्जच्या स्टोरेज पानावर आय८२०७८ हा फ्लॉपी कंट्रोलर आधी जोडावा लागतो. भूमिती इथेही आकारावरूनच ठरते. फ्लॉपी कंट्रोलरचा कोड मूळ क्यूईएमयूचाच. व्हीएमवेअरमध्ये ड्राइव्हचा प्रकार गेस्टच्या बायोसमध्ये एफ२ दाबून बदलता येतो, आणि दुसरा ड्राइव्ह हवा असेल तर तोही तिथेच चालू करावा लागतो. हायपर-व्हीमध्ये फ्लॉपी फक्त पहिल्या पिढीच्या मशीनला मिळते, तीही व्हीएफडी फाइलच.

जुन्या डिस्का खरोखर चालवायच्या असतील तर मी बॉक्स (रोमनमध्ये बी-ओ-सी-एच-एस) आणि ८६बॉक्स या एम्युलेटरांकडे वळेन. बॉक्सच्या कॉन्फिगरेशनमध्ये '३६०के', '७२०के', '१_२', '१_४४' असा प्रकार थेट लिहिता येतो. ८६बॉक्समध्ये त्या काळचा ड्राइव्हच निवडता येतो, फिरण्याचा वेगही खऱ्यासारखा असतो, आणि 'चेक बीपीबी' अशी खूणपेटी असते. ती चालू असेल तर भूमिती बूट सेक्टरवरून घेतली जाते. बूट सेक्टरमधली नोंद मोडकी असेल तर ती बंद करायची. क्यूईएमयूकडे ३६० केबीचा ड्राइव्हच नाही; तो गेस्टला १.२, १.४४ किंवा २.८८ एवढंच सांगतो. चाळीस ट्रॅकच्या ड्राइव्हवर अडून बसणारा प्रोग्राम तिथे समाधानी होत नाही.

चूक कुठे आहे हे ओळखणं

भूमिती चुकल्याची खूण ठरलेली आहे: पहिला ट्रॅक बरोबर वाचला जातो आणि पुढचं बिघडतं. आकडे घालून बघू. १.४४च्या डिस्कवर सेक्टर ० बूटचा, १ ते ९ पहिलं फॅट, १० ते १८ दुसरं, आणि मूळ डिरेक्टरी १९व्या सेक्टरपासून. सिलिंडर गुणिले हेडसंख्या, त्यात हेड मिळवायचं, येईल त्याला ट्रॅकवरच्या सेक्टरांनी गुणायचं आणि सेक्टर क्रमांकातून एक वजा करून मिळवायचा, हे सूत्र. डॉस १८ सेक्टर धरून १९वा सेक्टर मागतो तो सिलिंडर ०, हेड १, सेक्टर २ म्हणून. एम्युलेटरने ३६ सेक्टर धरले असतील तर तो ३६ अधिक १, म्हणजे ३७वा सेक्टर काढून देतो. डेटा ३३व्या सेक्टरपासून सुरू होतो, तेव्हा ३७वा हा कुठल्यातरी फाइलीच्या मधला तुकडा. तोच तुकडा डॉस फाइलींची यादी समजून छापतो. रांगोळी येते ती अशी.

म्हणून बूट सेक्टर चालला, मग मशीन अडकलं, किंवा डीआयआरमध्ये कचरा आला, तर आधी ड्राइव्हचा प्रकार तपासा. 'सेक्टर नॉट फाउंड' आलं तर फाइल छोटी आहे किंवा गेस्ट एम्युलेटरपेक्षा जास्त सेक्टर धरतोय. पहिल्याच सेक्टरला 'नॉन-सिस्टिम डिस्क' आलं तर भूमिती बरोबर असल्याची खात्री आधी करा. ती बरोबर असेल तर डिस्क बूट होणारी नाही एवढंच.

हट्टी डिस्का

विंडोज ९५च्या फ्लॉपी संचात पहिली डिस्क साधी १.४४ची आणि पुढच्या डीएमएफच्या आहेत. डीएमएफ क्यूईएमयूला चालते, कारण २१ सेक्टरांची नोंद तक्त्यात आहे. आयबीएमच्या एक्सडीएफ डिस्का मात्र वेगळ्या: एकाच ट्रॅकवर वेगवेगळ्या आकाराचे सेक्टर असतात, आणि त्या तीन आकड्यांच्या भूमितीत बसतच नाहीत. त्यासाठी ८६बॉक्स. जपानच्या पीसी-९८ यंत्रांची १२,६१,५६८ बाइटची इमेज ७७ सिलिंडर, २ हेड आणि १०२४ बाइटच्या ८ सेक्टरांची असते. ती त्या यंत्राच्या एम्युलेटरमध्येच चालवा. कॉपी रोखण्यासाठी मुद्दाम वाकडे सेक्टर लिहिलेल्या डिस्का उघड्या इमेजमध्ये उतरत नाहीत. तिथे ग्रीसवीझल किंवा क्रायोफ्लक्ससारख्या बोर्डाने चुंबकीय नोंदच टिपावी लागते.

खऱ्या फ्लॉपीवरून इमेज काढणार असाल तर आधी झडप सरकवून पृष्ठभाग उजेडात बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या डिस्कांवर बुरशी येते; अशी एक डिस्क हेड घाण करते आणि तो हेड पुढच्या चांगल्या डिस्का ओरबाडतो. साडेतीन इंची डिस्कचं लेखनबंदीचं भोक उघडं ठेवा. यूएसबी ड्राइव्हवर १.४४ आणि ७२० केबी एवढ्याच डिस्का भरवशाने वाचता येतात, डीएमएफची आशा धरू नका. डीडी या नेहमीच्या प्रत काढणाऱ्या आज्ञेऐवजी डीडीरेस्क्यू वापरा, म्हणजे खराब सेक्टरची जागा रिकामी राहते पण फाइलचा आकार पूर्ण भरतो. आकार भरला नाही तर भूमिती चुकणार हे आता वेगळं सांगायला नको.

अनोळखी माणसाने दिलेल्या मशीनला फ्लॉपी कंट्रोलर ठेवू नका. मे २०१५मध्ये उघड झालेली 'व्हेनम' नावाची त्रुटी क्यूईएमयूच्या फ्लॉपी कोडमध्ये होती आणि तिच्यातून गेस्टला होस्टवर उडी मारता येण्याची शक्यता होती. झेन, केव्हीएम आणि व्हर्च्युअलबॉक्सलाही ती लागू होती. फ्लॉपी जोडलेली नसतानाही क्यूईएमयूवर तो कोड गेस्टच्या आवाक्यात राहत असे. तेव्हा एम्युलेटर अद्ययावत ठेवा, आणि काम झालं की कंट्रोलरच काढून टाका.

शेवटी, फाइली बाहेर काढल्यावरची एक गंमत मराठी छापखान्यांच्या जुन्या डिस्कांवर नेहमी भेटते. एमकॉपी नीट होतं, डीआयआरमध्ये नावं नि तारखा स्वच्छ दिसतात, पण मजकूर उघडला की रोमन अक्षरांची खिचडी. ही भूमितीची चूक नाही. श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला तो मजकूर आहे, आणि तो फाँट व्हर्च्युअल मशीनमधल्या विंडोज ९८मध्ये बसवा किंवा कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा. इमेजला हात लावायची गरज नाही.